गोधडीतलं एकच कापड आधी का विरतं?

गोदाकाठची | ९ डिसेंबर, रात्री ९:४०

प्रश्न सरळ आहे. एकाच गोधडीतली कापडं एकाच वेळी शिवलेली, एकाच पाण्यात धुतलेली, एकाच गच्चीवर वाळलेली. तरी त्यातलं एक अजून ठणठणीत आणि शेजारचं हात लावला की भुगा, असं का होतं?

माझ्याकडची गोधडी सासूबाईंनी पंचवीसेक वर्षांपूर्वी हाताने शिवली. आत नऊवारी लुगडी, वर ठिगळांचं काम. तेव्हा घरात जे जुनं होतं ते सगळं तिच्यात आलंय. आता अवस्था अशी की पिवळ्या सुती साडीचे तुकडे नुसते फिके झालेत, कापड शाबूत आहे. एक छापील कापड आहे, राजस्थानहून आणलेल्या चादरीचं. त्याच्या फक्त काळ्या रेघांवर भोकं पडलीत, रेघेच्या आतलं लाल फूल जागच्या जागी. जांभळ्या रेशमी तुकड्याला उभ्या चिरा पडत चालल्यात. एका गुळगुळीत, फुलाफुलांच्या कापडाचं तर मागच्या धुण्यात जाळं झालं. आणि डोक्याकडची कड पार विरलीय, पायाकडची मात्र नव्यासारखी.

'जुनं झालं, फाटणारच' हे उत्तर मला घरात मिळालंय, ते पुरत नाही. मला कारण समजून घ्यायचंय आणि गोधडी वापरात ठेवायचीय. कपाटात घडी करून ठेवण्यासाठी सासूबाईंनी ती शिवली नव्हती.

निफाडकर | ९ डिसेंबर, रात्री १०:०५

डोक्याकडच्या कडेचं मी सांगतो. तिथे माणसाची हनुवटी असते. दाढीचे खुंट, मानेचा घाम, केसांचं तेल आणि रात्रभर तीच कड मुठीत धरून ओढायची सवय. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा खाली आला की आमच्याकडे गोधडी नाकापर्यंत येते.

आमची आई डोक्याच्या बाजूला वीतभर रुंदीची वेगळी पट्टी टाचून ठेवते. मळली की तेवढीच उसवून धुवायची, विरली की बदलायची. पूर्ण गोधडीला साबण वर्षातून एकदाच. शिवाय गोधडीची डोकं-पाय बाजू मधूनमधून बदलली तर झीज वाटली जाते.

चष्मिश | ९ डिसेंबर, रात्री १०:११

आमच्या घरात दाढीवालं कुणी नाही, तरी कड गेली. मांजर आहे. पट्टीला +१.

परीक्षानळी | १० डिसेंबर, सकाळी ७:३०

ताई, तुमच्या एका गोधडीत चार-पाच वेगवेगळे आजार आहेत. घाई न करता लिहितो, विषय माझ्या आवडीचा आहे.

कापसाचा धागा म्हणजे जवळजवळ सगळा सेल्युलोज. ग्लुकोजचे हजारो दुवे एकापुढे एक जोडलेल्या लांब साखळ्या. कापड विरतं तेव्हा या साखळ्या मधेमधे तुटत असतात. बाहेरून काही दिसत नाही, वजनही घटत नाही, पण धागा आखूड तुकड्यांचा बनतो आणि ठिसूळ होतो. मग एक दिवस साध्या घडीने फाटतो आणि आपल्याला वाटतं आज फाटला. साखळी तोडणाऱ्यांत उन्हातले अतिनील किरण, हवेतला ऑक्सिजन, आम्ल आणि ब्लीच हे मुख्य.

आता काळ्या रेघा. बगरूसारख्या पारंपरिक छपाईत काळा रंग लोखंडापासून होतो. गंजकं लोखंड गुळाच्या पाण्यात बरेच दिवस आंबवतात. कापड आधी हिरड्यात भिजवलेलं असतं. हिरड्यातलं टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, आणि लोखंड भेटलं की काळा रंग उमटतो. अडचण अशी की ते लोखंड धाग्यातच राहतं आणि ऑक्सिजनला सेल्युलोज तोडायला मदत करत बसतं. स्वतः संपत नाही, त्यामुळे काम थांबत नाही. ओल मिळाली की वेग वाढतो. म्हणून रेघ जिथे, भोक तिथे. लाल फूल तुरटीवर बसवलेलं असतं, तिथे लोखंड नाही, म्हणून ते वाचलं. जगभरच्या संग्रहालयांत जुन्या छापील कापडांची काळी आणि तपकिरी नक्षी अशीच झडलेली असते.

गिरणीत रंगवलेलं साधं काळं सुती कापड वेगळ्या कारणाने जातं. त्यात बऱ्याचदा गंधकयुक्त रंग असतो, सल्फर ब्लॅक. उबदार, दमट जागी ते पडून राहिलं की त्यातल्या गंधकापासून हळूहळू सल्फ्युरिक आम्ल तयार होतं आणि कापूस कुजतो. न वापरताही कुजतो.

पिवळ्याबद्दल एक सांगतो. पिवळ्या-नारिंगी छटांचे काही व्हॅट रंग (धाग्यात पक्के बसणारे, पाण्यात न विरघळणारे रंग) असे आहेत की ते स्वतः पक्के राहतात, पण ऊन शोषून शेजारचा सेल्युलोज तोडतात. रंग ताजा आणि कापड मेलेलं. तुमचा पिवळा फिका होऊनही कापड शाबूत आहे, म्हणजे तो त्यातला नाही.

इंदिरानगर | १० डिसेंबर, सकाळी ८:१५

परीक्षानळी सर, पश्चिमेच्या खिडकीचा आमचा पिवळा पडदा! रंग झकास होता, धुवायला काढला तर हातात पट्ट्या आल्या. त्याच्या कडेचे 'चांगले' तुकडे दुपट्यासाठी जपून ठेवले होते. आजच काढून टाकते.

लूमवाला | १० डिसेंबर, सकाळी ११:२०

मालेगावातून रामराम. गुळगुळीत फुलाफुलांचं कापड म्हणजे रेयॉन असणार, पैज लावतो. अंगावर पडायला छान, चमक छान, पण भिजलं की त्याची ताकद जवळपास निम्मी होते. कापूस याच्या उलट, ओला झाला की आणखी चिवट. कोरड्या गोधडीत दोन्ही सारखेच वाटतात. बादलीतून ओली गोधडी उचलली, सगळं वजन लोंबकळलं, की रेयॉन जातं आणि सुती हसत बसतं.

दुसरी गोष्ट विणीची. ताण्याच्या, म्हणजे उभ्या धाग्याला पीळ जास्त असतो, मागावर चढण्याआधी त्याला पांजण, म्हणजे खळ लागते. बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला पीळ कमी. दोन्ही सारख्या ताकदीचे नसले की कापड एकाच दिशेने चिरत जातं. स्वस्त मालात वीण विरळ ठेवून खळ भरतात. दुकानात हाताला भरीव लागतं, पहिल्या धुण्यात खळ वाहून जाते आणि उरते जाळी. गोधडीसाठी कुठलंही कापड घेताना आधी धुवा आणि मग उजेडासमोर धरा. डोळ्याला पलीकडचं घर दिसलं तर ते वर लावू नका, आत भर म्हणून घाला.

सुईदोरा | १० डिसेंबर, दुपारी ३:०२

मी पंचवटीत गोधड्या शिवून देते, जुन्याही उसवून पुन्हा शिवते. वरचं सगळं खरं असेल, पण माझ्या हातून जुन्या गोधड्या जातात त्यात कापड टाक्यापाशी आधी गेलेलं असतं. त्याबद्दल कुणी बोललंच नाही.

पूर्वी दोरा सुती असायचा. ओढ बसली की दोरा तुटायचा, कापड राहायचं. टाका काय, परत घालता येतो. आता सगळीकडे पॉलिस्टरचं रीळ. तो तुटत नाही, उकडलेलं अंडं दोऱ्याने कापावं तसा मऊ लुगड्यातून पार होतो. गिऱ्हाईक म्हणतं, ताई दोरा पक्का घाला. मी म्हणते, दोरा कापडापेक्षा पक्का नको.

सुई जाड घेतली तर प्रत्येक टाक्याला भोक मोठं पडतं. दोरा ताणून ओढला तर कापड चुरगळतं आणि त्या चुण्यांचे माथे आधी झिजतात. धावदोऱ्याच्या दोन ओळी फार लांब टाकल्या तर आतलं लुगडं सरकून गोळा होतं, मग ते आतून वरच्याला घासतं. बोटभर अंतर बरं.

आणि ठिगळांची जोडी बघून लावावी. जीनचं किंवा टेरिकॉटचं (पॉलिस्टर मिसळलेल्या सुती कापडाचं) ठिगळ मलमलीशेजारी शिवलं तर सगळी ओढ मलमलीवर येते. कोरं कापड न धुता घेतलं तर ते पहिल्या धुण्यात आटतं आणि शेजारच्याला खेचतं. गोदाकाठची ताई, तुमच्या जांभळ्या तुकड्याच्या शेजारी काय आहे ते बघा बरं.

गोदाकाठची | १० डिसेंबर, दुपारी ४:४५

बघितलं. एका बाजूला टेरिकॉटच्या पँटीचं कापड आहे! आणि चिरा त्याच बाजूने सुरू झाल्यात.

येवलेकर | १० डिसेंबर, संध्याकाळी ६:१०

टेरिकॉट शेजारी नसतं तरी जांभळ्याला चिरा गेल्या असत्या, थोड्या उशिराने. रेशीम दिसतं नाजूक, ओढून बघाल तर भलतं चिवट, पण त्याला ऊन आणि घाम दोन्ही सोसत नाही. उन्हात ते कापसाच्या आधी जातं. शिवाय रेशीम हे प्रथिन. कापूस धुण्याचा सोडा सहन करतो, रेशीम नाही करत. आणि ब्लीच तर रेशमाला अक्षरशः विरघळवतं. गोधडी सुती म्हणून धुतली जाते आणि तिच्यातल्या रेशमी तुकड्याची दर वेळी शिक्षा होते.

आमच्याकडे जुन्या पैठणीचे काठ गोधडीला लावायची हौस फार. माझं मत, लावू नयेत. जरीची तार धातूची असते, बाजूचं रेशीम प्रत्येक घडीला तिच्या कडेवर घासलं जातं. पैठणीसुद्धा आम्ही ठरावीक दिवसांनी घडी मोडून ठेवतो, नाहीतर घडीच्या रेषेवरच उलते. काठ जपायचाच असेल तर उशीच्या अभ्र्याला लावा, तो रोज अंगाखाली येत नाही.

आजीची_नात | १० डिसेंबर, संध्याकाळी ७:००

येवलेकर, याला माझा विरोध आहे. आजीच्या शालूचा काठ अंगावर घेऊन झोपता येतं म्हणून तर गोधडी. झिजेल तर झिजेल. अभ्र्यावर लावून कोणाला दाखवायचाय?

येवलेकर | १० डिसेंबर, संध्याकाळी ७:२५

हे मात्र मी खोडू शकत नाही. मग निदान काठाच्या मागे जुन्या मऊ सुती कापडाचं अस्तर द्या, म्हणजे ओढ अस्तर घेईल.

घाटावरचा | १० डिसेंबर, रात्री ९:३०

घट बसायच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर न्यायची रीत आमच्याकडे अजून आहे. त्या दिवसांत घाटावर जाऊन बघा, पायऱ्यांवर नुसत्या गोधड्या पसरलेल्या असतात. पण गोधडीचं अर्धं आयुष्य तिथेच जातं असं माझं म्हणणं आहे.

पहिलं कारण गाळ. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग झालेला असतो, पाणी गढूळ. गोधडीचे थर ते गाळासकट पितात. वाळल्यावर मातीचे बारीक कणीदार दाणे आत राहतात आणि प्रत्येक घडीला, प्रत्येक कुशीला धागा कापत राहतात. दुसरं धोपाटणं. तिसरं आणि सगळ्यात वाईट म्हणजे पिळणं. दोन माणसं दोन टोकांना उभी राहून पीळ देतात, पाणी निघतं आणि टाक्यांतून कापडही निघतं.

जुनी_पेठ | १० डिसेंबर, रात्री ९:५०

धोपाटण्याला नावं ठेवू नका हो. आमच्या आज्यांच्या गोधड्या त्याच धोपाटण्याखाली पिढ्या चालल्या. हल्लीच्या मशीनमध्ये दोन वर्षांत लक्तरं होतात. एका लॉन्ड्रीने तर आमची गोधडी परत दिली ती आतल्या लुगड्याचे गोळे करून.

सुईदोरा | १० डिसेंबर, रात्री १०:१५

पेठकर, आज्यांच्या गोधड्या पिढ्या चालल्या कारण आज्या त्यांना पुन्हा शिवायच्या. वरचं लुगडं विरलं की त्यावर दुसरं घालून परत धावदोरा. मी एकदा सिन्नरकडची जाड गोधडी उसवली तर आत लुगड्यांखाली लुगडी, अगदी मधे हातमागाचं जाडंभरडं धोतर. बाहेरचं कातडं कितीदा बदललं असेल देव जाणे. आपण आता एकदा शिवतो आणि ती कायम टिकावी म्हणतो.

मशीनबद्दल तुमचं बरोबर. ओली गोधडी एका बाजूला गोळा होते आणि सुकवायच्या फेऱ्यात सगळा जोर टाक्यांवर येतो.

सिन्नरची_सून | १० डिसेंबर, रात्री १०:४०

सिन्नरचं नाव निघालं म्हणून लिहिते. आमच्याकडे गोधडीचा शेवटचा कोपरा बंद करताना आत भाकरीचा वाळका तुकडा ठेवतात, गोधडी उपाशी राहू नये म्हणून. तुमच्याकडे करतात का कुणी?

परीक्षानळी | १० डिसेंबर, रात्री १०:५५

प्रथा गोड आहे, पण उंदीर आणि कसर दोघांनाही आमंत्रण आहे! स्टार्च त्यांना फार प्रिय. खळ केलेलं कापड न धुता गोधडीत घालू नये तेही याच कारणाने.

सिन्नरची_सून | १० डिसेंबर, रात्री ११:०२

सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, तुकडा नखाएवढा ठेवायचा असतो, सरांना सांग, उंदराला तेवढ्यासाठी कष्ट परवडत नाहीत.

इगतपुरीवाली | ११ डिसेंबर, सकाळी ९:०५

नाशिक शहरवाल्यांना उन्हाची काळजी, आम्हाला ओलीची. इगतपुरीत पावसाळ्यात कपाटाच्या आतली हवासुद्धा ओली असते. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशी धरते, आणि आमच्याकडे जून ते सप्टेंबर तेच. बुरशीचे काळे ठिपके नुसते डाग नसतात, ती कापूस खात असते. ठिपका धुऊन निघाला तरी तिथलं कापड कमजोर झालेलं असतं, पुढच्या वर्षी तिथेच भोक.

प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवायची सवय सगळ्यात घातक. किंचित दमट गोधडी आत गेली की ती ओल बाहेर पडत नाही. आम्ही जुन्या धुतलेल्या सुती चादरीत गुंडाळतो आणि पावसाने उघडीप दिली की बाहेर काढून वारा देतो. डांबरगोळ्या बुरशीवर काही करत नाहीत. त्या कसरीसाठी.

गोदाकाठची | ११ डिसेंबर, सकाळी १०:३०

आमची पत्र्याच्या ट्रंकेत असते. तळाला थोडा गंज आहे, खाली वर्तमानपत्र घातलंय. हे ठीक ना?

परीक्षानळी | ११ डिसेंबर, सकाळी ११:००

नाही हो ताई, दोन्ही बदला. गंज म्हणजे लोखंड. काळ्या रेघेत जे घडलं तेच गंजाच्या डागात घडतं. लोखंडी तारेवर ओली गोधडी टाकल्यावर जी तांबूस रेघ उमटते, काही वर्षांनी त्याच रेघेवर कापड उकलतं. बोअरच्या पाण्यात लोह असेल तरी हाच धोका. वर्तमानपत्राचा कागद आम्लधर्मी असतो, तो पिवळा पडतो तेव्हा स्वतःच कुजत असतो, आणि ते आम्ल लगतच्या कापडात उतरतं. ट्रंक वापरायची तर आतून धुतलेल्या जुन्या सुती धोतराचे दोन-तीन पदर घाला. लाकडी कपाटालाही तेच, कारण लाकडातूनही आम्लाच्या वाफा येत असतात.

निफाडकर | ११ डिसेंबर, दुपारी १२:१५

सर, उन्हाचा निकाल लावा आता. आमच्याकडे गोधडीला ऊन दाखवणं म्हणजे धर्म. तुम्ही म्हणता ऊन कापड तोडतं. मग काय, दमट गोधडी अंगावर घ्यायची?

परीक्षानळी | ११ डिसेंबर, दुपारी १२:५०

ऊन दाखवायचंच. ओल आणि वास यांवर उन्हासारखं औषध नाही. पण दाखवणं आणि गच्चीवर दिवसभर टाकून कामाला निघून जाणं यात फरक आहे. वाळेपर्यंत ठेवा, मधे उलटी करा, तीच बाजू रोज वर नको. एप्रिल-मेच्या नाशिकच्या उन्हात तर सकाळचे दोन तास भरपूर. रेशीम वरच्या बाजूला असेल तर पहिल्यापासून उलटीच घाला. आणि नायलॉन 'काही होत नाही' म्हणून उन्हात सोडू नका, उन्हाने तेही ठिसूळ होतं. पॉलिस्टर त्यापेक्षा बरं टिकतं.

मॉडर्न_नाशिककर | ११ डिसेंबर, दुपारी १:३०

एवढा खटाटोप करण्यापेक्षा पॉलिस्टरचं क्विल्ट घ्यावं. धुवा, वाळवा, विषय संपला. साड्या बोहारणीला देऊन भांडी घ्या.

आजीची_नात | ११ डिसेंबर, दुपारी १:३८

भांडं पांघरून झोप लागत नाही.

लूमवाला | ११ डिसेंबर, दुपारी २:१०

पॉलिस्टर टिकतं हे खरंच आहे, आमचाही माल आता बराच तो आहे. पण घाम शोषत नाही, ठिणगी पडली तर वितळून कातडीला चिकटतं, आणि घासून घासून त्याच्यावर गोळे येतात. लहान मुलाच्या दुपट्याला तरी मी सुतीच म्हणेन. ज्याला जे हवं ते घ्यावं, फक्त दोन्ही एका गोधडीत शेजारी शेजारी नकोत.

सुईदोरा | ११ डिसेंबर, दुपारी ३:४५

मुळात हे समजून घ्या की लुगडं मऊ का लागतं. नवं कोरं लुगडं कुणी गोधडीत घालत नाही, टोचतं. शेकडो वेळा धुतलं, नेसलं, वाळवलं की खळ जाते, धागे सैल होतात, लव निघून जाते, मग ते अंगाला लागतं. म्हणजे ज्या झिजेमुळे गोधडी हवीशी होते तीच झीज पुढे चालू राहते. त्यात गोदाकाठच्या ताईंचं पहिलं उत्तर आहे. एका दिवशी शिवली म्हणून सगळी कापडं एका वयाची होत नाहीत. पिवळी साडी कदाचित ठेवणीतली असेल, चार सणांना नेसलेली. शेजारचं लुगडं शेतात, चुलीपुढे, रोजच्या वापरात अर्धं संपून आलेलं असेल.

आणि एकाच लुगड्यातही फरक. बसायची जागा, कासोटा, निऱ्यांची खालची कड हे आधी विरतं. पदराकडचा भाग तेवढा झिजत नाही. शिवणारी जाणती असेल तर ती लुगडं उजेडात धरून भाग निवडते. विरलेला आत, धड तो वर. घाईने शिवलेल्या गोधडीत हे बघितलेलं नसतं.

गोदाकाठची | ११ डिसेंबर, रात्री ८:२०

सुईदोरा ताई, हे वाचून घरात विचारपूस केली. पिवळी साडी सासूबाईंच्या लग्नातली, खरंच क्वचित नेसलेली. आणि जे निळं लुगडं जागोजागी विरलंय ते त्यांच्या आईचं, ओझरच्या शेतावरचं. दोन्ही तुकडे शेजारी शिवलेत. मला वाटायचं रंगाच्या मेळासाठी शिवलेत.

लूमवाला दादांची पैज बरोबर निघाली. जाळं झालेल्या तुकड्याचा सुटा धागा भिजवून ओढला, चटकन तुटला. पिवळ्याचा धागा ओला करूनही तुटेना.

आता दुरुस्तीचं सांगा. सगळी उसवून वर नवीन कापड घालू, की विरलेल्या ठिकाणीच ठिगळ देऊ? घरात दोन तट आहेत. नणंद म्हणते वर पूर्ण नवं लुगडं घाल, आजीने हेच केलं असतं. मला सासूबाईंची ठिगळांची मांडणी झाकायची नाही.

आजीची_नात | ११ डिसेंबर, रात्री ८:३५

झाकू नका!

घाटावरचा | ११ डिसेंबर, रात्री ८:५०

झाका. नाहीतर दोन हिवाळ्यांत झाकायलाही काही उरणार नाही.

जुनी_पेठ | ११ डिसेंबर, रात्री ९:००

दोन्ही करा. काढता येणारी खोळ शिवा, झोपताना घाला, पाहुणे आले की काढा.

सुईदोरा | १२ डिसेंबर, सकाळी ७:१५

पेठकरांची खोळ चांगली, पण थर आत सरकतात आणि गोधडी खोळीत गोळा होते. चार कोपऱ्यांना आणि मधे कुठेतरी आतून नाड्या बांधाव्या लागतील.

मी केली असती ती पद्धत सांगते. रेयॉनचा तुकडा काढून टाका, तो वाचत नाही. त्या मापाचा जुन्या धुतलेल्या सुती साडीचा तुकडा घाला, नव्या कापडाचा नको, कितीही छान दिसला तरी. निळ्या लुगड्यावर जुनी मऊ मलमल पसरून बारीक टाक्यांनी बसवा. टाका विरलेल्या जागी घालायचा नाही, भोकापासून दोन बोटं लांब, धड कापडात घालायचा. दोरा सुती, सुई बारीक, ओढून घट्ट करायचं नाही. टेरिकॉट उसवून काढा आणि जांभळ्याला आतून सुती आधार द्या. वरून दिसायला हवं असेल तर त्याच्यावर पातळ, आरपार दिसणारी नेट टाचा. डोक्याच्या बाजूला निफाडकरांच्या आईची पट्टी, बाकी तिन्ही बाजूंना नवी मगजी, म्हणजे कडेची पट्टी. मांडणी तशीच राहील.

परीक्षानळी | १२ डिसेंबर, सकाळी ८:०५

काळ्या रेघांचं कापड मात्र कशानेही पूर्ववत होणार नाही. साखळ्या तुटल्या त्या तुटल्या. त्याला नेटखाली घ्या आणि कोरडं ठेवा, तेवढ्यानेही वेग बराच कमी होतो.

इंदिरानगर | १२ डिसेंबर, सकाळी ९:४०

शेवटचा प्रश्न. रंग जाऊ नये म्हणून धुताना पाण्यात व्हिनेगर घालावं असं सगळे सांगतात. गोधडीला चालेल?

परीक्षानळी | १२ डिसेंबर, सकाळी १०:१०

उपयोग फारसा नाही. आजच्या सुती रंगांना व्हिनेगर धरून ठेवत नाही, आणि नीट खंगाळलं नाही तर आम्ल धाग्यात राहतं. त्यापेक्षा सौम्य साबण, स्वच्छ नळाचं पाणी, आणि फेस पूर्ण जाईपर्यंत खंगाळणं. मोठ्या टबात जुन्या चादरीवर गोधडी ठेवून धुवा आणि उचलताना चादरीची चार टोकं धरून उचला, म्हणजे पाण्याचं वजन चादर घेईल. पिळायचं नाही. उतरत्या फरशीवर पसरून पाणी निथळू द्या.

गोदाकाठची | १२ डिसेंबर, रात्री ९:१५

ठरलं. नणंदेला सुईदोरा ताईंची पद्धत वाचून दाखवली, मलमलीला ती तयार झाली. तिच्याकडे आजीची एक विरलेली पांढरी मलमलीची साडी आहे, ती घेऊन रविवारी येतेय. टेरिकॉट आज उसवलं. त्याच्या मागचं लुगडं अगदी धड निघालं, इतकं की त्याच जागी तेच वर ठेवता येईल. एक विचारायचं राहिलं, सुईदोरा ताई: मलमल आधी कोमट पाण्यातून काढायची की गार चालेल?

सुईदोरा | १२ डिसेंबर, रात्री ९:४०

कोमट. खळ किंवा जुना साबण राहिला असेल तर निघून जाईल. सावलीत वाळवा, इस्त्री नको. आणि पसरताना साडीचा धड भाग निळ्यावर येईल असा फिरवून घ्या.